उत्तर आलं नाही तर

४ फेब्रुवारी

सामानाचा ट्रक सकाळी दारात आला आणि नेमकी आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. आम्ही अकराव्या मजल्यावर. बारा वर्षं मी या शहरातल्या लिफ्टा दुरुस्त करतोय, आणि माझंच बिऱ्हाड जिन्याने उतरलं. याला दिव्याखाली अंधार म्हणतात, आणि शेजाऱ्यांनी ते मला दर मजल्यावर ऐकवलं.

दोष साधा होता. पाचव्या मजल्यावरच्या दाराचं कुलूप नीट बसत नव्हतं, आवाजावरूनच कळलं. बायको म्हणाली, "दोन मिनिटांचं काम आहे ना? मग कर की." मी म्हणालो, ही लिफ्ट आमच्या कंपनीकडे नाही. दुसऱ्याच्या लिफ्टला हात लावायचा नाही असा नियम आहे. ती काही बोलली नाही. कपाट पाठीवर घेतलेला हमाल मात्र बरंच बोलला.

बायको डोळे तपासून चष्मे करते. तिने भिंगांची पेटी कोणाच्याही हातात दिली नाही, पोटाशी धरून स्वतः उतरवली. बोका माझ्या कडेवर होता. हा आमचा आठ महिन्यांचा मुलगा, दिवसभर लोळतो आणि दिवे मालवले की कामाला लागतो म्हणून हे नाव. भिंगरी पाच वर्षांची. ती प्रत्येक मजल्यावर थांबून लिफ्टचं बटण दाबून बघत होती. आशा सुटत नाही तिची.

दहा वर्षं बायकोने दुसऱ्याच्या दुकानात मान मोडून काम केलं. आता लांबच्या एका लहान गावातले चष्मेवाले आजोबा थकले, त्यांनी दुकान तिला चालवायला दिलं. वर्षभर बघा, जमलं तर कायमचं घ्या. मागे राहायला दोन खोल्या. इथे आम्ही चौघं एका खोलीत, त्यामुळे नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. दुकानाने बाळसं धरेपर्यंत मी शहरात राहून नोकरी करायची आणि रविवारी जायचं, असं ठरलं आहे.

५ फेब्रुवारी

नवं घर. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मधलं दार लागत नाही. सगळं जमिनीवर. भिंगरीने विचारलं, "हा कितवा मजला?" म्हटलं, इथे मजलाच नाही. तिला पटलं नाही. "मग आपण आहोत कुठे?"

शेजारच्या काकू चहा घेऊन आल्या. शिवणकाम करतात, तोंडात टाचणी धरूनही बोलू शकतात. "आणि तुम्ही काय करता?" म्हटलं, लिफ्ट दुरुस्त करतो. "इथे?" त्यांनी रस्त्यावर नजर फिरवली. सगळ्यात उंच वस्तू विजेचा खांब होता. "इथे मी नुसता हिचा नवरा," मी म्हणालो. त्या हसल्या, बायकोही हसली. पहिल्या दिवशी घरात हसणं झालं, बरं वाटलं.

निघण्याआधी बायकोला आमच्या कामातली एक गोष्ट समजावली. लिफ्टचं काम जोडीने चालतं. एक जण खाली शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या विहिरीत, केबिनच्या टपावर. दुसरा वर मशीन रूममध्ये, स्विचपाशी. हुकूम चालतो तो शाफ्टमधल्याचा. वरच्याने विचारायचं, "सोडू?" आणि खालचा "सोड" म्हणेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही, कारण काही चुकलं तर चिरडणार तो. मी म्हणालो, "आता तू शाफ्टमध्ये आहेस. तू हाक दे, मी हलतो. तू सांगशील तसं. माझी लुडबुड व्हायची नाही."

ती दुकानाचा नवा बोर्ड भिंतीला टेकवून ठेवत होती. म्हणाली, "आणि मला हाक द्यायला जमलं नाही तर?"

"तुला? तुझा आवाज अकराव्या मजल्यावरून खाली फाटकापर्यंत जायचा."

बोर्ड लावायचा राहिला. भिंत जुनी आहे, कसले स्क्रू धरतील ते बघायला हवं. बस चुकली असती. पुढच्या वेळी.

९ फेब्रुवारी

कंपनीच्या खोलीत राहतो. चार पलंग, चार माणसं, एक खिडकी. भिंतीपलीकडे इमारतीची लिफ्ट आहे, तिचा आवाज येत राहतो. त्यामुळे झोप लागते. त्या गावात पहिल्या रात्री मला काही ऐकूच येईना, म्हणून सारखा जागा होत होतो.

सात वाजता फोन करतो. बायको आज भरभरून बोलली. लोक दार उघडतात, आत डोकावतात, आजोबा दिसत नाहीत म्हणून निघून जातात. एका बाईने तर हळू आवाजात विचारलं, "कधी गेले?" बायको म्हणाली, "सकाळीच. नदीवर. मासे धरायला." ती बाई बसली आणि तिने डोळे तपासून घेतले. पहिलं गिऱ्हाईक.

"बोर्ड लागला तर लोकांना कळेल तरी," असंही म्हणाली. म्हटलं, हो. मग मी टेबल कसं ठेवावं, आरसा कुठे असावा हे सांगायला लागलो, तर म्हणते, "उंटावरून शेळ्या हाकू नकोस रे." हसत म्हणाली, पण मुद्दा बरोबर होता. तिच्या धंद्यात मला काय कळतं? यापुढे सल्ला द्यायचा नाही.

२२ फेब्रुवारी

घरी जाऊन आलो.

तपासणीची खुर्ची पायाने पंप मारला की वर जाते आणि मग हळूहळू खाली बसते. गिऱ्हाईक वरची मोठी अक्षरं ताठ बसून वाचतं आणि तळाच्या ओळीपर्यंत येता येता त्याची हनुवटी टेबलाला लागते. बायको म्हणाली, "तुझ्याच जातीचं काम आहे, बघ ना." बघितलं. ओळखीचा आजार. आतला वॉशर गेलाय. तो शहरातच मिळेल, पुढच्या वेळी आणतो म्हटलं. बोर्डाचे स्क्रू आणायला गेलो तर रविवार, दुकान बंद.

भिंगरी कपाटात लिफ्ट-लिफ्ट खेळते. दार लावून घेते, आतून मजले मोजते, दार उघडून बाहेर येते. सगळे मजले सारखेच निघतात, तरी कंटाळत नाही.

बायकोला जेवता जेवताच झोप लागली, हातात घास तसाच. इथली हवा मानवलेली दिसते. शहरात तिला कधी इतकी झोप आली नव्हती.

७ मार्च

उद्या रविवार. एका मोठ्या इमारतीत दोर बदलायचे आहेत, जादा ड्यूटी आहे. बायकोला फोनवर विचारलं, "येऊ का?" म्हणाली, "तुला जमत असेल तर ये." अडचण असती तर ये म्हणाली असती. ड्यूटी घेतली.

१५ मार्च

फोन आता लवकर संपतो. आधी अर्धा-अर्धा तास चालायचा, आता चहा निवायच्या आत होतो. "सगळं ठीक आहे. मुलं ठीक आहेत. दुकान ठीक आहे." भिंगरीशी दोन वाक्यं, बोक्याचा एक हुंकार, आणि झालं. गाडी रुळावर आली की बोलण्यासारखं काही उरत नाही. लिफ्टचंही असंच. जी इमारत फोन करत नाही ती चांगली.

२२ मार्च

वॉशर घेऊन गेलो. गरज नव्हती. बायकोने माझ्या करवतीने लाकडाचा एक ओंडका कापून खुर्चीखाली ठोकून दिला आहे. खुर्ची आता वरही जात नाही, खालीही जात नाही. बुटक्यांना उशी देते, उंचांना वाकायला सांगते. मधल्या दाराला सुतळीचा फास केला आहे. तेही लागतं आता. माझी हत्यारांची पेटी तिच्या टेबलाखाली उघडीच होती, भिंगांच्या पेटीशेजारी. वॉशर ड्रॉवरमध्ये ठेवून दिला.

तिच्या अंगठ्याचं नख काळं पडलं आहे. म्हटलं, हातोडी टोकाला धरायची असते. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "लक्षात ठेवीन."

बोर्ड दारामागे आहे तसाच, कागदात. तिने विषय काढला नाही, म्हणून मीही काढला नाही. चालत्या गाड्याला आपण होऊन खीळ कशाला घाला.

परतीच्या बसमध्ये जरा वाईट वाटलं. का ते कळलं नाही. दिवस तर चांगला गेला होता.

२ एप्रिल

जुना जोडीदार दुसऱ्या विभागात गेला. त्याच्या जागी आलाय तो माझ्याहून वयाने मोठा, आधी बंदरावर क्रेन चालवायचा. सगळे त्याला मिशा म्हणतात, का ते बघितल्यावर विचारावं लागत नाही. काम येतं, पण लिफ्टचे नियम नवे. आज त्याला टपावर घेऊन बसलो आणि धडे दिले.

"तू वर आहेस, मी शाफ्टमध्ये. तू विचारलंस 'सोडू?' आणि मी उत्तर दिलं नाही. काय करशील?"

"परत विचारीन."

"तरी नाही दिलं?"

"नाही म्हणजे, काही अडचण नसेल तर माणूस गप्पच असतो की," मिशा म्हणाला. "माझी बायको गप्प असली की मी समजतो सगळं झकास आहे."

मी म्हटलं, "बायकोचं तू बघ. आपल्या धंद्यात गप्प म्हणजे झकास नसतं. उत्तर आलं नाही तर मेन स्विच पाडायचा, हातातलं काम तिथेच टाकायचं आणि स्वतः जाऊन बघायचं. कोणाला पाठवायचं नाही, फोन करायचा नाही. स्वतः जायचं."

त्याने दोनदा म्हणून पाठ केलं. शिकाऊ माणूस चांगला आहे. मला शिकवायला बरं जमतं, असं साहेबही म्हणाले.

१२ एप्रिल

बायकोने माझे डोळे तपासले. जवळचं अंधुक दिसायला लागलंय. त्या ओंडक्यावरच्या खुर्चीत बसवलं, नाकावर जड फ्रेम चढवली आणि एकेक भिंग बदलत गेली. "हे बरं की हे?" "सारखंच." "आणि आता? हे की हे?" "दोन्ही सारखंच वाटतंय. तुला काय वाटतं?"

तिने भिंग पेटीत ठेवलं. "मी तुझ्या डोळ्यांनी बघू शकत नाही," म्हणाली. "तुझं हे नेहमीचंच उत्तर आहे."

नेहमीचं कसं? मी डोळे पहिल्यांदाच तपासून घेतले. चष्म्याचा नंबर मात्र तिने काढला, अंदाजाने काढला म्हणाली, पण अक्षरं आता स्वच्छ दिसतात. ही नोंद चष्मा लावूनच लिहितोय.

दुकानात दोन गिऱ्हाइकं आली, रविवार असूनही. एकाला तर काकूंनी हाताला धरून आणलं होतं. बायको काकूंना म्हणाली, बोर्डाचं काम तुम्हीच करता. त्या हसल्या. बायको हसली नाही.

२३ एप्रिल

साहेबांनी बोलावून घेतलं. सुपरवायझरची जागा रिकामी होतेय. शाफ्टमध्ये उतरायचं नाही, माणसं सांभाळायची. अट एकच, दोन वर्षं शहर सोडायचं नाही. महिन्याभरात कळवा म्हणाले.

बायकोला फोन केला. "तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"तू म्हणशील तसं."

मधे बराच वेळ नुसता बोक्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "मी काय म्हणणार."

म्हणजे तिची हरकत नाही. हरकत असती तर स्पष्ट बोलली असती, ती काही भिडेखातर गप्प बसणारी बाई नाही. दुकान चालतंय, काकू आहेत, मुलं रमली आहेत. मी नाही म्हणण्याचं कारण मलाच सापडत नाही. आनंद व्हायला हवा होता. पलंगावर बसून बूट काढले आणि तसाच बसून राहिलो. थकवा असेल.

५ मे

फोन भिंगरीने उचलला. म्हटलं, आईला दे.

"आई येत नाही आत्ता. तिच्या डोळ्यात काहीतरी गेलंय."

"काय गेलं?"

"माहीत नाही. रोज जातं. संध्याकाळी जातं. मग ती मागे जाऊन डोळे धुते आणि म्हणते, तू बोक्याकडे बघ."

गावात धूळ फार आहे, रस्ता कच्चा. आणि ती दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघते, स्वतःच्या डोळ्यांकडे दुर्लक्ष. औषधाच्या दुकानातून डोळ्यांत घालायचे थेंब घेतले. रविवारी नेतो.

भिंगरीने आणखी एक सांगितलं. तिला आता दुकानाचं शटर अर्ध्यापर्यंत ओढता येतं. कौतुक केलं. फोन ठेवल्यावर विचार केला, पाच वर्षांच्या मुलीला शटर कशाला ओढावं लागतं? मग म्हटलं, हौस असेल.

१४ मे

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

सोळा मजल्यांची इमारत. मी केबिनच्या टपावर, नवव्या आणि दहाव्याच्या मधे. मिशा वर मशीन रूममध्ये. केबिन ज्यांवरून सरकते त्या रुळांना ग्रीस लावून झालं होतं. वॉकीटॉकी कमरेला. मी त्या थेंबांचा विचार करत होतो. रविवारी दिले होते. बायकोने बाटली उलटसुलट करून बघितली, वरचं बारीक छापलेलं सगळं वाचलं आणि विचारलं, "हे कशासाठी?" म्हटलं, भिंगरी म्हणाली तुझ्या डोळ्यात रोज काहीतरी जातं. तेव्हा तिने जी मान हलवली ती माझ्या डोळ्यांपुढून जाईना. इतकी वर्षं मी तिला ओळखतो. अशी मान तिने कधी हलवली नव्हती.

मिशाने "सोडू?" विचारलं असणार. एकदा, दोनदा. मी ऐकलं नाही.

एकदम सगळं बंद झालं. दिवा गेला, पंखा थांबला. अंधारात वरून जिन्यावर बूट वाजायला लागले, सहा मजले, थांबत नव्हते. मग दहाव्याचं दार चावीने उघडलं आणि टॉर्च माझ्या तोंडावर आला. मागे मिशा, पांढराफटक. मिशीसुद्धा थरथरत होती.

"जिवंत आहेस?"

"आहे की."

"मग उत्तर का देत नाहीस, गाढवा?"

"विचारात होतो."

"विचारात!" तो दारातच मटकन खाली बसला. "माझ्या गुडघ्यांचा तरी विचार करायचास. मला वाटलं गेलास तू. तूच शिकवलंस ना, उत्तर आलं नाही तर स्वतः जाऊन बघायचं? मी काही नुसतं पाठ करणारा पोपट नाही, ऐकलं ते केलं."

मी टपावर बसूनच राहिलो. मला भीती वाटली. बारा वर्षं मी शाफ्टमध्ये उतरतोय, अशी भीती कधी वाटली नव्हती. शाफ्टची नव्हती ती. बायकोला मी नियम सांगितला होता तो अर्धाच. तू हाक देईपर्यंत मी हात लावणार नाही. पुढचा अर्धा मी मिशाला शिकवला, त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतला आणि घरी न्यायला विसरलो.

साहेबांना फोन केला, घरी चाललोय म्हणून. "कोणी आजारी आहे?" म्हटलं, माहीत नाही. बघायलाच जातोय.

हे बसमध्ये लिहितोय. अक्षर हलतंय. कपड्यांना ग्रीस आहे, शेजारी कोणी बसत नाही.

१५ मे

काल दिवेलागणीला पोचलो. शटर अर्धं खाली. वाकून आत गेलो. भिंगरी बोक्याला बाकावर भिंतीशी टेकवून अक्षरांचा तक्ता शिकवत होती. मला बघून म्हणाली, "बाबा, आज रविवार नाही." आनंदाने नाही, चूक दाखवावी तशी.

"आई कुठे?"

"मागे. डोळे धुते."

बायको मागच्या नळापाशी वाकली होती. पावलं ऐकून वळली. तिचा चेहरा बघितला आणि थेंबांची ती बाटली आठवून मला माझीच लाज वाटली.

"काय झालं? नोकरी गेली? लागलंय कुठे?"

"नाही. तू उत्तर दिलं नाहीस म्हणून आलो."

"फोन तर रोज घेते मी."

"घेतेस. उत्तर देत नाहीस."

तिने पदराने तोंड पुसलं. मग नळ बंद केला, तो आधीच बंद होता. "मार्चपासून देत नाहीये," म्हणाली. "आज कळलं?"

मी हो म्हणालो. दुसरं काही खरं नव्हतं.

मग ती बोलली. आवाज चढवून नाही, आत मुलं होती. "हाक दे म्हणालास. बोर्ड लाव म्हटलं, ती हाक नव्हती? खुर्ची बघ म्हटलं, ती नव्हती? की प्रत्येक वेळी कोणीतरी मरतंय असं ओरडायचं माणसाने? येऊ का म्हणून विचारतोस! पाहुणे विचारतात तसं. आपल्या घरी यायला कोणी विचारतं का?"

मी म्हणालो, मला वाटलं दुकान चाललंय.

"चाललंय. आता चाललंय. काकू गिऱ्हाइकं ओढून आणतात, त्यातली निम्मी परत येतात." ती पायरीवर बसली. "आणि परवा मी आजोबांना सांगून आले, महिनाअखेर दुकान परत घ्या. तू तिकडे सुपरवायझर हो. चौघं परत एका खोलीत राहू. पण चौघं राहू."

"चाललेलं दुकान सोडायचं?"

"एकटीनेच करायचं असतं तर मी लग्नच कशाला केलं असतं?"

तिला दुकान किती हवं होतं ते मी बघितलं आहे, दहा वर्षं. आणि ते ती टाकून द्यायला निघाली होती, मी रोज संध्याकाळी घरी असावा एवढ्यासाठी. म्हटलं, "मी काय करू, सांग."

"नाही सांगणार," ती म्हणाली आणि आत गेली.

मी तिथेच उभा राहिलो. मग दुकानात गेलो, टेबलाखालून हत्यारं काढली, खुर्चीखालचा ओंडका काढला. वॉशर ड्रॉवरमध्येच होता. भिंगरीने टॉर्च धरला आणि मधूनमधून बोक्याच्या तोंडावर मारला. काम संपलं तेव्हा बायकोला बोलावलं नाही, तीच आली. खुर्चीत बसली. मी पंप मारला. खुर्ची वर गेली आणि वरच राहिली. ती भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसली, आणि बघता बघता तिला बसल्या जागी झोप लागली. मी मुलांना जेवायला घातलं.

१७ मे

सकाळी नदीवर जाऊन आजोबांना गाठलं. म्हटलं, दुकान परत घेऊ नका. ते गळाकडेच बघत होते. "घेतोय कोण? मधे तुमची बायको आली, रडत होती. म्हटलं रडताना केलेला व्यवहार मी धरत नाही. हळू बोला, मासे पळतात."

मग साहेबांना फोन केला. सुपरवायझर नको, आणि नोकरीचाही महिन्याने राजीनामा. ते म्हणाले, घरी विचारलंत का? म्हटलं, नाही.

मग घरी येऊन बायकोला सांगितलं.

"अरे, मला विचारायचंस तरी!" ती म्हणाली.

"विचारायचं की नाही ते एकदा ठरव."

ती हसली, आणि हसता हसता माझ्यासमोर रडली. मागे नळापाशी गेली नाही.

मला भीती वाटते, ते लिहून ठेवतो. जवळच्या तालुक्याच्या गावी हॉस्पिटलात दोन लिफ्ट आहेत आणि शीतगृहात माल चढवायची एक. त्यांचा माणूस दूरवरून येतो, म्हणजे बहुतेक येतच नाही. ते काम मिळेल किंवा मिळणार नाही. बायकोला म्हटलं, नाही मिळालं तर? म्हणाली, "तर घरात दोघं मिळून काळजी करू. आत्तापर्यंत ते पण मी एकटीच करत होते."

मिशाला कळवलं. तो म्हणाला, छान, आता मला परत नवा जोडीदार. मग म्हणाला की त्याच दिवशी तोही घरी जाऊन बायकोला विचारून आला, काय झालंय? सगळं झकास नव्हतं म्हणे. अजून यादी चालू आहे.

२१ जून

कालपासून इथे कायमचा. हॉस्पिटलवाल्यांनी एक लिफ्ट बघायला दिली आहे, पसंत पडलं तर दुसरी देतील. मधलं दार नीट केलं, सुतळी काढली.

आज बोर्ड लावला. भिंत वाटली होती तितकी वाईट नव्हती, साधे स्क्रू धरले. मी शिडीवर, भिंगरी शिडी दोन्ही हातांनी धरून, बायको रस्त्यापलीकडे उभी राहून सांगत होती. डावीकडे. अजून. आता उजवं टोक खाली. काकू शिवण मांडीवर घेऊन बघायला बसल्या होत्या.

"आता?" मी विचारलं.

उत्तर आलं नाही. मान वळवता येत नव्हती, बोर्ड अंगावर होता. परत विचारलं, "आता?" काही नाही.

एका स्क्रूवर बोर्ड तसाच लटकवला, शिडीवरून उतरलो आणि बघायला गेलो. रस्त्यावर ती नव्हती. दुकानात होती. एका माणसाच्या चष्म्याची काडी निघाली होती, ती बसवत होती. माझ्याकडे बघून दचकली. "काय रे? बोर्ड पडला?"

"नाही. तू उत्तर दिलं नाहीस."

"गिऱ्हाईक आलं ना."

"हो, बघितलं आता."

तो माणूस एका डोळ्याने तिच्याकडे, एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता. बायकोने स्क्रू घट्ट केला, चष्मा त्याच्या नाकावर ठेवला. मग मला म्हणाली, "म्हणजे मी गप्प बसले की दर वेळी तू असा उतरून येणार?"

"हो."

"मग बोर्ड लागायचा कधी?"

बोर्ड लागायला संध्याकाळ झाली.